पूर्ण कवळीसाठी तोंडाचे माप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळे दात गेल्यानंतर बसवायच्या कवळीचे माप कसे घेतात, याबद्दल रुग्ण, त्यांच्या घरची माणसे आणि दंतवैद्यकाचे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. सुरुवातीचे प्रश्न कवळी बसवून घेणाऱ्यांचे आहेत आणि पुढे ते अधिक तांत्रिक होत जातात. तरीही रुग्णांनी पुढचे प्रश्नही वाचावेत, कारण या मापात रुग्णाला स्वतः जेवढे करावे लागते तेवढे दंतवैद्यकातल्या फार थोड्या कामांत करावे लागते.

१. कवळीचे माप घेतात म्हणजे नेमके काय करतात?

जबड्याच्या आकाराच्या एका उथळ ट्रेमध्ये मऊ पदार्थ भरून तो तोंडात बसवतात, पदार्थ घट्ट होईपर्यंत स्थिर धरतात आणि मग बाहेर काढतात. हिरडी, टाळू आणि त्यांच्या कडेने असलेल्या खाचा यांचा उलटा ठसा त्यात उमटतो. या ठशात दंतकामाचे प्लास्टर ओतले की रुग्णाच्या जबड्याचे मॉडेल तयार होते. कवळीचा हिरडीवर टेकणारा पृष्ठभाग या मॉडेलवरच घडवला जातो, त्यामुळे मापात राहिलेली चूक पुढच्या प्रत्येक टप्प्यात तशीच उतरत जाते. दोन्ही जबड्यांमधले अंतर ठरवणे आणि मेणात लावलेले दात तोंडात घालून पाहणे ही कामे त्यानंतरच्या भेटींत होतात.

२. तोंडात एकही दात नाही, मग कवळी कशाच्या आधारावर टिकते?

काचेच्या दोन ओल्या पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या तर त्या सहज सुटत नाहीत. कवळी आणि हिरडी यांच्यामधला लाळेचा पातळ थर बराचसा तसाच काम करतो. मात्र दोन अटी आहेत. पहिली अट अशी की कवळी हिरडीशी सगळीकडे इतकी जुळली पाहिजे की हा थर पातळच राहील. दुसरी अट अशी की कवळीच्या कडेभोवती ओठ, गाल आणि जीभ यांच्या मऊ ऊतींनी सील धरले पाहिजे, म्हणजे आत हवा शिरणार नाही. पहिली अट सांभाळणे तुलनेने सोपे आहे. कवळ्या बहुतेक वेळा फसतात त्या दुसऱ्या अटीपाशी, आणि म्हणूनच कडेचे माप घेण्यात सर्वाधिक वेळ जातो (प्रश्न ६ पाहावा).

आधाराला मिळणारी जागाही मर्यादित असते. वरच्या जबड्यात ती सरासरी २३ चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरते, तर खालच्या जबड्यात साधारण १२. खालची कवळी वरच्या कवळीइतकी घट्ट का बसत नाही, याचे निम्मे उत्तर या दोन आकड्यांतच आहे.

३. दात काढल्यानंतर किती दिवसांनी माप द्यावे?

कायमस्वरूपी कवळीसाठी साधारणपणे ६ ते ८ आठवडे थांबतात, आणि हाडाचा आकार अधिक स्थिर व्हावा म्हणून काही दंतवैद्य तीन महिनेही थांबायला सांगतात. जखम वरून भरलेली दिसली तरी आतल्या हाडाची झीज सुरुवातीच्या महिन्यांत वेगाने होत असते. त्या काळात घेतलेले माप कितीही अचूक असले तरी काही आठवड्यांतच ते जुने ठरते.

इतके दिवस बिनदातांचे राहणे शक्य नसेल, तर दात काढण्यापूर्वीच माप घेऊन तात्काळ कवळी बनवता येते आणि दात काढले त्याच दिवशी ती बसवता येते. ती काही महिन्यांत सैल होणार हे गृहीत धरूनच हा मार्ग निवडावा. तिची आतली बाजू नंतर नव्याने भरून घ्यावी लागते (प्रश्न १९ पाहावा).

४. जुनी कवळी रोज वापरत असताना नवीन कवळीचे माप देता येते का?

देता येते, पण अंतिम मापाच्या आधी जुनी कवळी काही काळ काढून ठेवावी लागते. सैल किंवा चुकीच्या कवळीखाली हिरडी दबते, सुजते आणि आपला मूळ आकार सोडते. अशा अवस्थेत घेतलेले माप निरोगी हिरडीचे नसते, सुजलेल्या हिरडीचे असते. निदान एक पूर्ण दिवस, आणि जमल्यास दोन-तीन दिवस, कवळी न घालता राहावे. हिरडी जास्तच लाल आणि चुरचुरणारी असेल, तर जुन्या कवळीच्या आत टिश्यू कंडिशनर नावाचा मऊ पदार्थ घालतात, तो काही दिवसांनी बदलत राहतात आणि हिरडी पूर्ववत झाल्यावरच माप घेतात. रुग्णांना हा विलंब नकोसा वाटतो, हे समजण्यासारखे आहे. तरीही येथे घाई करू नये, अशी कळकळीची विनंती आहे.

जुनी कवळी मापाच्या दिवशी सोबत मात्र अवश्य न्यावी. तिच्या कडा कुठे आखूड आहेत आणि कुठे टोचतात, हे पाहून दंतवैद्याला पुष्कळ कळते.

५. माप दोनदा का घेतात? पहिल्या मापावरच कवळी का करत नाहीत?

पहिले माप तयार मिळणाऱ्या ट्रेमध्ये घेतात. तो ट्रे ठरावीक आकारांतच मिळतो, त्यामुळे तो कोणत्याही एका तोंडाला नेमका बसत नाही. कुठे त्याची कड लांब पडून गालाला ढकलते, तर कुठे ती आखूड पडते. या मापावरून बनवलेल्या मॉडेलवर ॲक्रिलिकचा खास ट्रे तयार करतात, जो फक्त त्या रुग्णासाठीच असतो. दुसरे, म्हणजे अंतिम माप या खास ट्रेमध्ये घेतात. ट्रे जवळून बसत असल्यामुळे मापाच्या पदार्थाचा थर पातळ आणि सारखा राहतो, आणि कडा त्या तोंडाच्या हालचालींनुसार घडवता येतात.

एकाच मापात कवळी करण्याच्या सुटसुटीत पद्धतीही वापरात आहेत. पूर्ण आणि अर्धवट कवळ्यांच्या अंतिम मापासंबंधीचे प्रयोग एकत्र तपासणारा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात कोणतीही एक पद्धत किंवा पदार्थ दुसऱ्यापेक्षा ठळकपणे सरस असल्याचा स्पष्ट पुरावा आढळला नाही. हा निष्कर्ष प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. तरीही हिरडी झिजलेली असेल किंवा जुनी कवळी सैलपणामुळेच टाकून द्यावी लागली असेल, तर दोन टप्प्यांची पद्धतच धरावी असे माझे मत आहे, कारण अशा तोंडात चुकीला जागाच उरलेली नसते.

६. माप घेताना ओठ ओढतात, जीभ बाहेर काढायला लावतात, जबडा डावी-उजवीकडे हलवायला सांगतात. हे कशासाठी?

कवळी घालून माणूस गप्प बसून राहत नाही. तो बोलतो, चावतो, गिळतो, जांभई देतो. या प्रत्येक हालचालीत ओठ, गाल आणि जीभ कवळीच्या कडेवर येतात. कड खोलवर गेलेली असेल तर ते स्नायू कवळी उचलून टाकतात किंवा तिथे जखम होते. कड आखूड असेल तर तिथून हवा शिरते. योग्य जागा या दोहोंच्या मध्ये असते आणि ती प्रत्येक तोंडात वेगळी असते. ती शोधण्याच्या कामाला बॉर्डर मोल्डिंग म्हणतात.

खास ट्रेची कड खाचेच्या तळापासून सुमारे २ मिलिमीटर आखूड ठेवलेली असते. हिरव्या कंपाउंडची (गरम केल्यावर मऊ होणाऱ्या मापाच्या पदार्थाची) काडी ज्योतीवर धरून तिचे टोक लोंबू लागले की तो मऊ पदार्थ कडेच्या एका भागावर लावतात, तोंड भाजू नये म्हणून क्षणभर कोमट पाण्यात बुडवतात आणि ट्रे तोंडात बसवतात. कंपाउंड मऊ राहते ते काही सेकंदच, आणि सगळ्या हालचाली त्या सेकंदांत व्हाव्या लागतात. ओठ पुढे काढल्याने पुढची कड घडते. गाल बाहेर, मग खाली आणि पुढे-मागे ओढल्याने गालाच्या पट्ट्याला (गाल हिरडीला जोडणाऱ्या पातळ पडद्याला) जागा मिळते. वरच्या ट्रेच्या मागच्या टोकाशी कडेची जाडी किती असावी, हे जबडा डावी-उजवीकडे नेल्यावर ठरते, कारण तेव्हा खालच्या जबड्याच्या हाडाचे टोक तिथून सरकते. खालच्या ट्रेसाठी जीभ बाहेर काढायची, दोन्ही गालांना लावायची, टाळूला टेकवायची. शेवटी ट्रेवर ठेवलेल्या दंतवैद्याच्या बोटांना विरोध करत तोंड मिटायला सांगतात, तेव्हा चावण्याचा स्नायू मागच्या कोपऱ्यात आपली जागा दाखवून देतो.

टाळूच्या मागच्या बाजूची कड ‘आ’ म्हणायला लावून ठरवतात. ‘आ’ म्हणताना मऊ टाळू जिथून हलू लागते, त्या रेषेच्या आसपास कवळी संपली पाहिजे. तिथले सील टिकावे म्हणून त्या पट्ट्यात कवळी मऊ टाळूवर किंचित दाबून बसेल अशी योजना करतात.

रुग्णाला आमची विनंती एवढीच असते की सांगितलेली हालचाल मोकळेपणाने आणि पूर्ण करावी. संकोचाने अर्धीच काढलेली जीभ पुढे जखमेच्या रूपाने त्रास देते, कारण कड तेवढीच लांब राहते.

७. माप देताना दुखते का?

नाही, भूल द्यावी लागत नाही. तोंड भरल्यासारखे वाटते, लाळ सुटते, काही पदार्थांची चव तिखट लागते. हिरडीवर फोड, जखम किंवा टोकदार हाड असेल तर दुखू शकते, पण मग आधी त्यावर उपचार करावेत आणि माप नंतर घ्यावे.

८. ट्रे तोंडात गेला की मला उबळ येते. मी माप कसे देऊ?

हा बहुधा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि ज्यांना ही अडचण आहे त्यांनी लाज वाटू देऊ नये. ही शरीराची संरक्षक प्रतिक्रिया आहे. काही जणांत ती तीव्र असते, एवढेच. पहिल्याच भेटीत हे दंतवैद्याला सांगावे. मापाच्या आधी भरपेट खाऊ नये. खुर्चीत सरळ बसावे, ट्रे बसल्यावर डोके किंचित पुढे झुकवावे आणि नाकाने संथ श्वास घ्यावा. एक पाय उचलून धरायला सांगतात तेही उगाच नसते. लक्ष तिकडे गेले की उबळ कमी होते.

दंतवैद्याच्या बाजूनेही करण्यासारखे पुष्कळ असते. खालचे माप आधी घेतल्याने रुग्णाला सवय होते. ट्रेमध्ये पदार्थ बेताचा भरावा, वरचा ट्रे आधी मागून बसवून मग पुढून दाबावा म्हणजे जादा पदार्थ घशाकडे न जाता पुढे येतो, आणि लवकर घट्ट होणारा पदार्थ निवडावा. गरज भासल्यास टाळूवर वरवरची भूल लावता येते. आणखी एक उपाय म्हणजे खास ट्रे काही दिवस घरी देऊन तो तोंडात धरण्याचा सराव करायला सांगणे. हा उपाय वेळखाऊ आहे. पण ज्याला ट्रेच सहन होत नाही त्याला पुढे कवळीही सहन व्हायची आहे, हे लक्षात घेता तो वेळ वाया जात नाही.

९. मापासाठी कोणता पदार्थ सर्वांत चांगला?

सर्वांसाठी एकच उत्तर नाही. पहिल्या मापाला इम्प्रेशन कंपाउंड किंवा अल्जिनेट वापरतात. कंपाउंड गरम पाण्यात मऊ होते आणि गालांना बाजूला सारत खाचेपर्यंत पोहोचते, पण बारकावे टिपत नाही. अल्जिनेट समुद्री शैवालापासून मिळते. दुसऱ्या महायुद्धात जपानहून येणाऱ्या अगर या मापाच्या पदार्थाचा तुटवडा पडला तेव्हा ते पुढे आले. ते बारकावे बरे टिपते आणि हिरडीच्या खोलगट भागातून लवचीकपणे बाहेर येते, पण त्यातले पाणी लवकर उडते.

अंतिम मापाला झिंक ऑक्साइड युजेनॉलची पेस्ट अनेक दशके वापरात आहे. ती पातळ पसरते, हिरडीवर दाब कमी टाकते, सूक्ष्म रेषाही टिपते आणि स्वस्त असते. मात्र घट्ट झाल्यावर ती कडक होते, त्यामुळे हाडाला खोल बाक असेल तिथे ती चालत नाही. युजेनॉलने काहींच्या तोंडात आग होते, आणि त्याची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी युजेनॉलविरहित पेस्ट वापरावी लागते. सिलिकोन आणि पॉलिइथर महाग असले तरी लवचीक आणि स्थिर असतात. कोरड्या तोंडासाठी पदार्थ कसा निवडावा, ते प्रश्न १४ मध्ये दिले आहे.

१०. वरची कवळी छान बसते, पण खालची सारखी उचलली जाते. माप चुकले का?

चुकले असू शकते, पण तेवढ्यावरून तसे ठरवू नये. खाली जागा कमी असते, मध्ये सतत हलणारी जीभ असते आणि हाडाची झीजही जास्त होते. अँटे टॅलग्रेन यांच्या १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या २५ वर्षांच्या अभ्यासात खालच्या जबड्याच्या उंचवट्याची (दात गेल्यावर हिरडीखाली उरलेल्या हाडाची) झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट आढळली.

माप तपासायचे असेल तर दोन ठिकाणी पाहावे. खालच्या उंचवट्याच्या गालाकडच्या बाजूला, दाढांच्या जागी, दाट हाडाची एक सपाट पट्टी असते, जिला बक्कल शेल्फ म्हणतात. चावण्याचा भार तिनेच घ्यायचा असतो आणि आखूड मापात नेमकी तीच सुटते. दुसरे ठिकाण जिभेच्या बाजूला, अगदी मागे असते. तिथली कड पुरेशी खाली गेली नसेल तर जीभ हलताच सील तुटते. मागच्या टोकाचा मऊ उंचवटाही कवळीने झाकला पाहिजे.

११. माप घेताना हिरडी दाबावी की न दाबता घ्यावी?

विद्यार्थी हा प्रश्न परीक्षेसाठी विचारतात, पण उत्तर रोजच्या कामाचे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीन बंधूंच्या कंपाउंडच्या पद्धतीत हिरडी दाबलेल्या अवस्थेत टिपली जात असे. तेव्हाचा विचार असा होता की चावताना ती दाबलेलीच असते. अशी कवळी चावताना घट्ट वाटते, पण इतर वेळी दाबलेली हिरडी मूळ आकारात येऊ पाहते आणि कवळीला ढकलते. शिवाय सततच्या दाबाने हाडाची झीज वाढण्याची भीती असते. याउलट हॅरी पेज यांनी पास्कलच्या नियमाचा (बंद द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पसरतो) आधार घेऊन हिरडी अजिबात न दाबता माप घ्यावे असे मांडले. त्यावरचा आक्षेप सरळ आहे: पास्कलचा नियम बंद भांड्यातल्या द्रवासाठी आहे आणि हिरडी बंद भांड्यात नसते, तिच्यातला द्रव बाजूला सरकू शकतो.

कार्ल बाउचर यांच्या नावाशी जोडला गेलेला मधला मार्ग आज सर्वाधिक शिकवला जातो. जो भाग भार सोसू शकतो तिथे दाब येऊ द्यावा आणि जो सोसू शकत नाही तिथे सूट द्यावी. वर टाळूच्या मधली शीर आणि पुढच्या दातांमागचा छोटा उंचवटा यांना सूट देतात, तर खाली बक्कल शेल्फवर भार घेतात. त्यासाठी ट्रे बनवताना सुटीच्या जागी मेणाचा थर ठेवतात. प्रत्यक्षात दाब किती पडेल हे ट्रेची जवळीक, त्याला पाडलेली छिद्रे, पदार्थाचा पातळपणा आणि हाताचा जोर या चारही गोष्टींवर अवलंबून असते. म्हणून पद्धतीचे नाव सांगितले तरी दाबाचे प्रमाण सांगितले असे होत नाही.

१२. पुढची हिरडी मऊ पडून हलते. अशा वेळी काय करतात?

वरच्या जबड्यात पुढच्या बाजूला हाड झिजून त्याजागी सैल ऊती उरते, हे बऱ्याचदा दिसते, विशेषतः खाली फक्त पुढचे नैसर्गिक दात शिल्लक असतील तर. नेहमीच्या मापात ही ऊती ट्रेखाली दुमडते आणि कवळी घातल्यावर पुन्हा सरळ होताना कवळीला खाली ढकलते. उपाय खिडकीचा आहे. खास ट्रेला त्या जागी मोकळी खिडकी ठेवतात, बाकीच्या भागाचे माप नेहमीसारखे घेतात, आणि ट्रे तोंडात असतानाच खिडकीतून पातळ पदार्थ ब्रशने किंवा पिचकारीने हलकेच सोडतात, म्हणजे ती ऊती होती तशीच टिपली जाते.

१३. खालची हिरडी अगदी सपाट झाली आहे. तिचे माप येते का?

येते, पण पातळ पदार्थ तिथे अपुरा पडतो, कारण कडेच्या ऊती हिरडीवरच आडव्या येतात आणि त्यांना बाजूला सारणारे काही नसते. मॅककॉर्ड आणि टायसन यांनी १९९७ साली सांगितलेले मिश्रण येथे उपयोगी पडते: वजनाने ३ भाग इम्प्रेशन कंपाउंड आणि ७ भाग हिरवी काडी गरम पाण्यात एकत्र मळून घ्यायची. हे मिश्रण घट्ट असते आणि अधिक वेळ मऊ राहते, त्यामुळे हालचाली सावकाश करून घेता येतात. माप घट्ट झाल्यावर बोटाने दाबून पाहावे. रुग्णाला कुठे दुखले तर तेवढा भाग मऊ करून पुन्हा घ्यावा.

१४. औषधांमुळे तोंड कोरडे पडते. त्याने मापात अडचण येते का?

येते. झिंक ऑक्साइडची पेस्ट कोरड्या त्वचेला चिकटते आणि आग होते, म्हणून सिलिकोन वापरावे आणि ओठांना पेट्रोलियम जेली लावावी. कवळीची पकडही लाळेवर अवलंबून असल्याने (प्रश्न २) अशा रुग्णाच्या कडा अधिक काळजीने घडवाव्या लागतात.

१५. तोंड पुरेसे उघडत नाही. ट्रे आत जाईल का?

भाजल्याचे व्रण, त्वचा आवळणारे आजार किंवा तोंडातल्या फायब्रोसिसमुळे (आतली ऊती कडक होण्यामुळे) तोंड कमी उघडत असेल, तर दोन भागांत विभागलेला ट्रे वापरतात. एक भाग आत नेऊन माप घेतात, मग दुसरा त्याला जोडून घेतात आणि बाहेर काढल्यावर दोन्ही पुन्हा जुळवतात. माप मिळाले तरी कवळी आत जाईल का, याचा विचार आधीच करावा; कधी कवळीही दुमडणारी किंवा दोन तुकड्यांची करावी लागते.

१६. माप बरोबर आले हे कसे ओळखावे?

बाहेर काढल्यावर आधी कडा पाहाव्यात. त्या गोलसर आणि मॅट दिसाव्यात; चकाकणारी किंवा धारदार कड म्हणजे तिथे ऊती पोहोचलीच नाही. पेस्टमधून ट्रे उघडा पडला असेल तर तिथे जास्त दाब पडला आहे: ट्रेचा तेवढा भाग खरवडून माप पुन्हा घ्यावे. हवेचे छोटे बुडबुडे भरता येतात. मोठी पोकळी, सुरकुती किंवा एकीकडे कललेला ट्रे असेल तर भरत बसू नये. तोंडात असताना ट्रे सहज निघत नसेल, जीभ आणि ओठ हलवूनही जागचा हलत नसेल, तर माप चांगले आहे.

१७. घेतलेले माप किती वेळ ठेवता येते?

अल्जिनेटचे माप हवेत आकसते आणि पाण्यात फुगते. ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत बंद ठेवावे आणि शक्य तितक्या लवकर प्लास्टर ओतावे. सिलिकोनचे माप काही दिवस टिकते. पॉलिइथर कोरडे ठेवावे. कोणतेही माप आधी वाहत्या पाण्याखाली धुऊन लाळ व रक्त काढावे आणि मग उत्पादकाने सांगितलेल्या द्रावणाने, सांगितलेल्या वेळेपुरतेच निर्जंतुक करावे. जाताजाता एक सूचना: लॅटेक्सच्या हातमोज्यांतल्या गंधकामुळे ॲडिशन सिलिकोन (सिलिकोनचा एक प्रकार) नीट घट्ट होत नाही. पदार्थ चिकट राहत असेल तर दोष पेस्टला देण्यापूर्वी हातमोजे बदलून पाहावेत.

१८. स्कॅनरने माप घेता येत नाही का?

घेता येते, आणि टाळूसारख्या स्थिर भागाचा आकार चांगला मिळतो. अडचण कडेशी आहे. स्कॅन करताना गाल आणि ओठ बाजूला ओढावे लागतात, त्यामुळे ते हालचालीत कुठे येतात हे कॅमेऱ्याला दिसत नाही. शिवाय गुळगुळीत, ओल्या हिरडीवर खुणा कमी असल्याने प्रतिमा जुळवताना चूक होते. म्हणून बरेच दंतवैद्य कडेसह नेहमीचे माप घेऊन तेच स्कॅन करतात.

१९. जुनी कवळी चांगली होती, फक्त सैल झाली आहे. पूर्ण नवे माप लागेल का?

दातांची ठेवण, उंची आणि चावा योग्य असेल तर लागत नाही. जुनी कवळीच ट्रे म्हणून वापरतात: आतला खोलगट भाग थोडा खरवडून, कडा दुरुस्त करून, पातळ पदार्थाचा थर घालून रुग्णाला हलकेच तोंड मिटायला लावतात आणि त्या मापावर आतली बाजू नव्याने भरतात. थर जाड झाला किंवा कवळी पुढे सरकली तर चावा बिघडतो, म्हणून दात पूर्वीसारखेच भिडतात ना हे पदार्थ मऊ असतानाच पाहावे.

स्मृतिभ्रंश किंवा कंपवात असलेल्या वयस्क रुग्णांसाठी याच विचाराचा पुढचा टप्पा उपयोगी ठरतो. वर्षानुवर्षांच्या सवयीच्या कवळीची नक्कल काढून त्या नकलेच्या आत माप घेतात. नव्या कवळीचा बाहेरचा आकार जिभेला आणि गालाला ओळखीचा राहतो आणि बदलते ती फक्त हिरडीकडची बाजू. अशा रुग्णाची जुनी कवळी तुटली तरी घरच्यांनी ती टाकून देऊ नये. तुकडे जपून दंतवैद्याकडे न्यावेत.